बातमी तपासायची साधनं: कुठली ठेवली, कुठली काढून टाकली

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. पूर्वी लोक तिथे कोश मागायला यायचे, आता मोबाइल पुढे करतात. 'मॅडम, हे खरं आहे का हो?' एवढाच प्रश्न असतो. समोर एखादा फोटो, एखाद्या मथळ्याचा स्क्रीनशॉट किंवा कुणीतरी पुढे ढकललेला व्हिडिओ असतो. त्यामुळे बातमी तपासायची आणि ती कुणाच्या बाजूला कलली आहे हे सांगणारी जेवढी साधनं हाताला लागली, तेवढी मी वापरून बघितली. काही ब्राउझरच्या पट्टीवर कायमची बसली, काही उडवली. ही त्यांची झाडाझडती.

या विषयावर लिहिणाऱ्यानं आपला कल आधी सांगावा, म्हणून सांगते. निकाल सुनावणाऱ्या साधनांवर माझा फारसा जीव नाही. लाल-हिरवा दिवा, पाचपैकी तीन गुण, 'विश्वासार्ह' असा शिक्का, यानं माझं काम भागत नाही. 'हा फोटो याआधी इथे, या तारखेला दिसला होता' एवढं दाखवून जे बाजूला होतं, ते साधन माझं. ग्रंथपालाची खोड म्हणा. पुस्तक चांगलं की वाईट हे आमची तालिका सांगत नाही. ते कुणी लिहिलं, कुणी छापलं, कधी आणि ही कितवी आवृत्ती, एवढंच सांगते. बाकीचं वाचणाऱ्यानं बघावं.

सुरुवात फोटोपासून, कारण विचारायला येणाऱ्यांत मोठा वाटा त्यांचाच. खोटा फोटो म्हणजे संगणकावर घडवलेला, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात जास्त सापडतो तो खरा फोटो आणि त्याखाली खोटी ओळ. जुना पूर आजचा म्हणून, एका देशातली दंगल दुसऱ्या देशातली म्हणून. अशा फोटोचं पितळ उघडं पाडायला टिनआयसारखं साधन नाही. टोरांटोच्या एका कंपनीनं २००८ मध्ये सुरू केलेलं हे स्थळ दिसायला अगदी साधं आहे. फोटोत काय आहे हे ओळखायच्या भानगडीत ते पडत नाही. हाच फोटो, कापलेला, रंग बदललेला, लहान-मोठा केलेला, आणखी कुठे कुठे आहे तेवढं शोधतं. निकालांच्या वर क्रम लावायचा पर्याय असतो, त्यात 'सर्वांत जुना आधी' निवडायचं. माझं निम्मं काम तिथेच उरकतं. मात्र समोर येणारी तारीख ही टिनआयच्या यंत्राला ते चित्र पहिल्यांदा दिसलं त्या दिवसाची असते. फोटो त्याहून जुना असू शकतो. त्याहून नवा असू शकत नाही, आणि बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

गुगल लेन्सचं भांडार कितीतरी मोठं, पण ते आधी फोटोतल्या माणसाच्या अंगावरचा शर्ट कुठे विकत मिळेल ते सांगतं. तिथे 'तंतोतंत जुळणाऱ्या' चित्रांचा वेगळा भाग असतो, सरळ तिकडे जावं. 'या प्रतिमेविषयी' असाही एक कप्पा आहे, गुगलला हे चित्र साधारण कधीपासून माहीत आहे ते तो सांगतो. यांडेक्स हे रशियन शोधयंत्र चेहरे आणि इमारती ओळखण्यात फार तरबेज. नेमक्या त्याच कारणानं कुणा खासगी माणसाचा फोटो मी तिथे चढवत नाही.

विद्यार्थ्यांना शिकवताना मी शार्कचा फोटो घेते. पाण्याखाली गेलेला महामार्ग, गाडीच्या खिडकीतून टिपलेला, आणि शेजारून पोहत जाणारा भला मोठा शार्क. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी हा पोर्टो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनचा म्हणून. पुढेही कुठे वादळ आलं की तो हजर. शार्क मुळात दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला. थॉमस पेशाक या छायाचित्रकारानं २००३ मध्ये कयाकच्या मागे येणारा पांढरा शार्क टिपला, २००५ मध्ये तो फोटो 'आफ्रिका जिओग्राफिक' मासिकात आला. कुणीतरी त्यातला शार्क उचलून रस्त्यावर सोडला. आता गंमत अशी की अख्खा फोटो शोधाला लावला तर महामार्गच महामार्ग सापडतात. फक्त शार्कभोवती चौकट आखून शोधलं तर ती नाव वर यायची शक्यता बरीच वाढते. अशी चौकट आखता येते हेच बहुतेकांना माहीत नसतं, आणि साधनंही ते आपण होऊन सांगत नाहीत.

व्हिडिओसाठी इनव्हिड-वीव्हेरिफाय. युरोपीय संघाच्या निधीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या इनव्हिड प्रकल्पातून हे निघालं, मागाहून वीव्हेरिफाय प्रकल्पाची भर पडली. एएफपी या वृत्तसंस्थेची प्रयोगशाळा ते सांभाळते. क्रोम ब्राउझरला जोडायचं, फुकट आहे. व्हिडिओचा पत्ता किंवा फाइल दिली की त्यातल्या महत्त्वाच्या चौकटी ते सुट्या करून पुढे मांडतं. मग एकेका चौकटीवरून गुगल, बिंग, यांडेक्स, टिनआय, बायडू असा सगळीकडे शोध घेता येतो. आतलं भिंग तर मला फारच आवडतं. पाटीवरची लिपी, गाडीच्या क्रमांकाची ठेवण, रस्त्याच्या कुठल्या बाजूनं वाहनं चालली आहेत, खांबावरचा दिशादर्शक फलक. 'हा व्हिडिओ अमुक शहराचा' या दाव्याची हवा बऱ्याचदा अशा एखाद्या पाटीपाशीच निघते. सोबतीला सनकॅल्क ठेवावं. जागा, तारीख आणि वेळ सांगितली की सूर्य कुठल्या दिशेला होता आणि सावली कुठे पडायला हवी, हे ते नकाशावर काढून देतं. दुपारची म्हणून सांगितलेली घटना लांबलचक सावल्यांत घडलेली दिसली की पुढे खोदायचं.

याच इनव्हिडमध्ये एक खोली मात्र मी विद्यार्थ्यांना उघडू देत नाही. चित्रात फेरफार झाली आहे का हे दाखवणाऱ्या चाळण्यांची ती खोली. चित्राच्या कुठल्या भागाचं आकुंचन वेगळं आहे हे या चाळण्या रंगांच्या डागांत दाखवतात. तत्त्व खरं आहे. पण जेपीइजी चित्र दहा जणांच्या मोबाइलमधून फिरून, दर वेळी नव्यानं दाबलं जाऊन आलेलं असतं, तेव्हा ते डाग जवळजवळ काहीही सांगत नाहीत. आणि काहीही न सांगणाऱ्या डागात माणसाला हवं ते दिसतं. ज्याला फोटो खोटा ठरवायचाच आहे त्याच्या हातात हे देणं म्हणजे त्याला पुरावा बनवून देणं. मुरलेल्या हाताला ठीक. बाकीच्यांनी तिकडे जाऊच नये.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली चित्रं. इथे उलटा शोध, म्हणजे चित्र देऊन त्याच्या जुन्या प्रती शोधणं, मुका होतो, कारण चित्राला मागचा इतिहासच नसतो. २२ मे २०२३ रोजी पेंटॅगॉनजवळ स्फोट झाल्याचं एक चित्र फिरलं आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटं घसरला. ते पकडलं गेलं कशामुळे? इमारतीसमोरचं कुंपण आणि भिंत एकमेकांत विरघळलेली होती, हे एक. दुसरं महत्त्वाचं. एवढ्या गजबजलेल्या ठिकाणचा दुसऱ्या कुठल्याही कोनातून घेतलेला एकही फोटो नव्हता. आणि आर्लिंग्टनच्या अग्निशमन विभागानं असं काही घडलेलं नाही म्हणून लगेच जाहीर केलं. म्हणजे कामी आलं ते दुसरा साक्षीदार शोधणं. 'हे चित्र ८७ टक्के कृत्रिम' असलं काहीतरी सांगणारी ओळखयंत्रं मी पट्टीवरून काढली. तोच फोटो थोडा लहान करून दिला की त्यांचा आकडा बदलतो, आणि आकड्यामागचं कारण ती सांगत नाहीत.

उलट बाजूनं चाललेला प्रयत्न मला जास्त पटतो. २०२१ मध्ये ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल वगैरेंनी मिळून सी-टू-पीए नावाचं मानक उभं केलं. फोटो कशानं काढला आणि पुढे त्यात काय बदल केले, याची नोंद फाइलमध्येच सहीशिक्क्यासह ठेवायची. कल्पना उत्तम. अडचण ही की समाजमाध्यमावर चढवताना ही नोंद पुष्कळदा गळून पडते. त्यामुळे नोंद सापडली तर आनंद. नाही सापडली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे दुसरं वाक्य मला लोकांना वारंवार सांगावं लागतं.

या सगळ्यात मला एकच साधन ठेवायची मुभा दिली, तर मी वेबॅक मशीन ठेवीन, म्हणजे संकेतस्थळांच्या पानांच्या जुन्या प्रती तारखेसह जपणारा इंटरनेट अर्काइव्हचा साठा. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह सुरू केलं, २००१ मध्ये हा साठा सर्वांना खुला झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये साठवलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. लोक ते मेलेली संकेतस्थळं बघायला वापरतात. माझा उपयोग वेगळा. छापील वर्तमानपत्रात सकाळी आलेला मथळा संध्याकाळीही तोच असतो. ऑनलाइन बातमीचं तसं नाही. सकाळी 'आरोप सिद्ध', दुपारी 'आरोपांची चौकशी', रात्री पान गायब. दुरुस्ती केली यात गैर काही नाही. ती सांगून केली का, हा प्रश्न. वेबॅकमध्ये एकाच पानाच्या दोन नोंदी शेजारी ठेवून गाळलेला आणि घातलेला मजकूर वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी 'बदल' नावाची सोय आहे. एका मोठ्या वृत्तस्थळावरची बातमी मी अशी लावून पाहिली, तेव्हा मथळ्यातलं 'कथित' हे विशेषण दुसऱ्या दिवशी गुपचूप आलेलं सापडलं. पानाखाली दुरुस्तीची ओळ नव्हती. त्या स्थळाबद्दल मला जे कळायचं ते एवढ्यावरून कळलं. कुठल्या तक्त्यात ते कितव्या रकान्यात बसतं हे बघायची गरज पडली नाही.

वेबॅकची दुसरी कळ 'हे पान आत्ता जतन करा'. वादग्रस्त काही दिसलं की वाचायच्याही आधी ती दाबायची. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो. तिसऱ्याकडे, वेळेच्या शिक्क्यासह ठेवलेली प्रत खोडून काढणं अवघड. उणिवा आहेत. काही वृत्तस्थळं या यंत्राला दार बंद ठेवतात. समाजमाध्यमांवरची पानं नीट साठवली जात नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे सेवा काही दिवस बंदच होती, तेव्हा हात मोडल्यासारखं झालं. म्हणून आता महत्त्वाच्या पानाची एक पीडीएफ मी स्वतःकडेही ठेवते.

दाव्यांच्या तपासणीकडे वळू. 'अमुक नेता असं म्हणाला', 'तमुक औषधानं असं होतं' यासाठी गुगलचं फॅक्ट चेक एक्सप्लोरर बरं आहे. जगभरातल्या पडताळणी करणाऱ्या संस्था आपापल्या लेखांना क्लेमरिव्ह्यू नावाची खूण लावतात. दावा काय, कुणी केला, निष्कर्ष काय. २०१५ च्या सुमारास ड्यूक विद्यापीठाची रिपोर्टर्स लॅब आणि गुगल यांच्या सहकार्यातून ही पद्धत आली. गुगलनं २०२५ मध्ये नेहमीच्या शोधनिकालांतून या खुणा दाखवणं बंद केलं, पण हे वेगळं पान चालू राहिलं. तिथे अख्खं वाक्य टाकू नये. दोन-तीन ठोस नामं टाकावीत आणि भाषा बदलून पुन्हा शोधावं, कारण एकच थाप बऱ्याच भाषांतून फिरून येते आणि तिची पडताळणी आधीच दुसऱ्या भाषेत झालेली असते. माझा विद्यार्थ्यांना आग्रह असतो की निष्कर्षाचा शिक्का वाचून थांबू नका. लेख उघडा, नेमकं कुठलं वाक्य तपासलंय ते बघा, तारीख बघा. शिक्के एकमेकांशी जुळतही नाहीत. २००७ मध्ये सुरू झालेल्या पॉलिटिफॅक्टची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, तिचा तळ 'पँट्स ऑन फायर', म्हणजे धडधडीत खोटं. वॉशिंग्टन पोस्ट एक ते चार पिनोकिओ द्यायचं, जितके जास्त तितकं मोठं खोटं. एकाचं 'अर्धसत्य' दुसऱ्याच्या कुठल्या पायरीवर ठेवायचं हे कुणी ठरवलेलं नाही.

आणि काहीच सापडलं नाही म्हणजे दावा खरा, असा अर्थ काढणारे फार. कुठला दावा तपासायला घ्यायचा ही निवडच असते, आणि निवड म्हटली की कल आला. त्यासाठी मी पडताळणी करणाऱ्यांचीही पडताळणी करते. पॉइंटर इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली २०१५ मध्ये उभ्या राहिलेल्या आयएफसीएन या पडताळणी संस्थांच्या जाळ्याची एक आचारसंहिता आहे. निःपक्षपातीपणा, स्रोत उघड करणं, पैसा कुठून येतो ते सांगणं, पद्धत सांगणं, चुका जाहीरपणे दुरुस्त करणं. सदस्याचं मूल्यांकन त्यांच्या स्थळावर वाचायला मिळतं. मी मात्र आधी त्या संस्थेचं दुरुस्त्यांचं पान उघडते. ज्याच्याकडे ते पानच नाही, त्याचा माझ्या पट्टीवरचा मुक्काम संपला.

एक्सवरच्या (पूर्वीच्या ट्विटरवरच्या) कम्युनिटी नोट्स, म्हणजे वापरणाऱ्यांनीच एखाद्या पोस्टखाली जोडलेल्या खुलाशाच्या नोंदी, यांबद्दल माझं मत लोकांना चमत्कारिक वाटतं. मला त्यामागचं गणित आवडतं आणि त्याचा उपयोग कमी होतो. २०२१ मध्ये बर्डवॉच या नावानं ही सोय सुरू झाली. नोंद किती जणांना आवडली याला तिथे महत्त्व नाही. एरवी एकमेकांशी ज्यांचं पटत नाही, अशा दोन्हीकडच्या लोकांना ती उपयोगी वाटली तरच ती सगळ्यांना दिसते. झुंडीनं मतं टाकून नोंद वर आणता येऊ नये, अशी ही सोय. शिवाय आज्ञावली आणि माहिती दोन्ही खुली. पण ज्या विषयावर लोक सर्वांत जास्त भांडतात, नेमकं तिथेच असं एकमत होत नाही, आणि झालं तरी तोवर मूळ पोस्ट गावभर फिरून आलेली असते. फेसबुकची मालक कंपनी मेटानं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत बाहेरच्या पडताळणी संस्थांशी असलेली व्यवस्था मोडून हीच वाट धरायचं जाहीर केलं. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेणाऱ्या नाहीत. नोंदी लिहिणारे स्वयंसेवक दुवा म्हणून बहुधा पडताळणी संस्थांचे लेखच जोडतात. ते लेखच आटले, तर नोंदीत जोडणार काय?

आता कल मोजणारी साधनं, ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे आणि ज्यांची जाहिरातही सर्वांत जास्त होते.

ऑलसाइड्स २०१२ पासून आहे. वृत्तसंस्थांना डावं, थोडं डावं, मध्य, थोडं उजवं, उजवं अशा पाच घरांत बसवतं. त्यांची एक पद्धत मला मनापासून आवडते. बातमीवरचं नाव आणि बोधचिन्ह झाकून ती वेगवेगळ्या राजकीय मतांच्या वाचकांना द्यायची आणि कल विचारायचा. आपली श्रेणी अचूकतेची नाही आणि 'मध्य' म्हणजे चांगलं असं नाही, हेही ते स्वतःच स्पष्ट लिहितात. वाचतं कोण? ॲड फॉन्टीस मीडियाचा तक्ता जास्त प्रसिद्ध. व्हेनेसा ओटेरो या पेटंट वकिलानं २०१६ मध्ये पहिला तक्ता काढला. आडवा अक्ष कलाचा, उणे ४२ ते अधिक ४२. उभा अक्ष विश्वासार्हतेचा, शून्य ते ६४. प्रत्येक लेख डाव्या, उजव्या आणि मधल्या विचारांच्या परीक्षकांची तुकडी वाचते. मेहनत दिसते. पण तक्त्याचा आकार कमानीसारखा येतो, वर मध्यभागी चांगली मंडळी, खाली दोन्ही टोकांना वाईट. ते चित्र बघणाऱ्याच्या डोक्यात एक समज पक्का बसतो की मध्य म्हणजेच सत्य. एकजण म्हणतो पाऊस पडतोय, दुसरा म्हणतो नाही. खिडकी न उघडता दोघांच्या मधोमध उभं राहिलात तर बातमी होत नाही.

या दोघांची आणि २०१५ पासून चालणाऱ्या मीडिया बायस फॅक्ट चेकची सरासरी काढून ग्राउंड न्यूज रंगीत पट्टी दाखवतं. एका बातमीवर किती डाव्या, किती उजव्या, किती मधल्या माध्यमांनी लिहिलं, ते एका नजरेत. म्हणजे कल मोजणारे दुसरेच, पट्टी यांची. सरासरीची सरासरी वाचकापर्यंत येते तेव्हा मूळ परीक्षकानं कुठला लेख वाचून काय म्हटलं होतं, हा माग पुसलेला असतो. मला राग आहे तो याच गोष्टीचा. तरीही ग्राउंड न्यूज मी ठेवलं आहे, पट्टीसाठी मात्र नाही. एकाच घटनेवरचे मथळे तिथे एकाखाली एक मिळतात, आणि 'ब्लाइंडस्पॉट' या विभागात एका बाजूनं जवळजवळ छापलीच नाही अशी बातमी कळते. छापलेल्या बातमीतला कल कुणीही नीट वाचून ओळखेल. न छापलेल्या बातमीचा कल ओळखायला दुसऱ्याच्या टेबलावर डोकवावं लागतं, आणि ते काम हे साधन छान करतं. कुठल्या माध्यमाची मालकी कुणाकडे, हेही सांगतं. यातल्या बऱ्याच सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. मी फुकट मिळतं तेवढ्यावर भागवते.

या तिघांचीही मोठी मर्यादा म्हणजे त्यांचं डावं-उजवं अमेरिकेतलं आहे. दुसऱ्या देशातल्या वर्तमानपत्राला हे रकाने लावले की हास्यास्पद प्रकार होतो. माध्यमांचा कल पक्षाच्या रेषेवरच असतो असंही नाही. तो मालकाच्या धंद्याचा असतो, शहराचा असतो, भाषेचा असतो, जाहिरातदाराचा असतो. या कशालाच तक्त्यात अक्ष नाही. शिवाय श्रेणी माध्यमाला मिळते, लेखाला नाही. एकाच वर्तमानपत्रात वार्ताहराची काटेकोर बातमी आणि संपादकीय पानावरचा आगपाखड करणारा लेख शेजारी नांदतात. रंग मात्र दोघांना एकच.

न्यूजगार्ड या बाबतीत शहाणं आहे. स्टीव्हन ब्रिल आणि गॉर्डन क्रोविट्झ यांनी २०१८ मध्ये सुरू केलेली ही सशुल्क सेवा कल मोजतच नाही. नऊ निकष, एकूण शंभर गुण, आणि त्यातले सर्वांत जास्त, २२, वारंवार खोटं न छापण्याला. बाकीचे निकष साधे आणि तपासता येण्याजोगे. मालक कोण ते सांगता का? चूक झाली तर दुरुस्ती देता का? बातमी आणि मत वेगळं ठेवता का? गुणांपेक्षा सोबतचा सविस्तर लेख वाचावा. कुठला निकष का नापास झाला ते उदाहरणासह लिहिलेलं असतं. न्यूजगार्ड न घेताही हेच प्रश्न विद्यार्थी कुठल्याही स्थळाला स्वतः विचारू शकतात. मी तेच करून घेते, आणि तिथे सर्वांत उपयोगी पडतो विकिपीडिया. स्थळाचं नाव टाकायचं, मालकी आणि वाद यांचे परिच्छेद वाचायचे, तळटीपांतले दुवे उघडायचे. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये दहा इतिहासाचे अभ्यासक, दहा व्यावसायिक पडताळणी करणारे आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर वाचत बसले, चकचकीत बोधचिन्हाला भुलले. पडताळणी करणाऱ्यांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं आणि शेजारी नवे टॅब उघडून इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. तेही कमी वेळात. हे वाचल्यापासून आमच्या संगणकांवर मी टॅब उघडे ठेवण्यावरून कुणाला टोकत नाही.

आणखी एक जुना प्रयोग मी कल मोजणाऱ्या साधनांच्या चाहत्यांना सांगते. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्याच व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना बैरुतमधल्या १९८२ च्या हत्याकांडाच्या एकसारख्याच टीव्ही बातम्या दाखवल्या. दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध कललेल्या वाटल्या. म्हणून तक्ता उघडण्याआधी त्या माध्यमाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते कागदावर लिहा आणि मग उघडा. तफावत दिसली तर दोन शक्यता असतात. तक्ता चुकला असेल, नाहीतर तुम्ही कललेले असाल. दुसरी शक्यता सांगणारं ॲप अजून बाजारात नाही.

चॅटबॉटला 'हे खरं का' विचारण्याची टूम नवी आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरनं मार्च २०२५ मध्ये अशा आठ शोधसाधनांना बातमीतला उतारा देऊन ती मूळ कुठली हे विचारलं. ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकली, आणि ती ठासून दिलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीबीसी आणि युरोपीय प्रसारण संघाच्या पाहणीत ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी मोठा दोष निघाला. मी चॅटबॉट वापरते तो परभाषेतली पाटी वाचायला आणि शोधासाठी वेगवेगळे शब्द सुचवायला. निकालासाठी नाही. त्यानं दिलेला दुवा उघडून बघितल्याशिवाय विद्यार्थ्यानं माझ्यापुढे ठेवायचा नाही, हा नियम आहे. तो कडक वाटतो, पण आठवडाभरात अंगवळणी पडतो.

सोय म्हणून सांगायचं तर ही सगळी मंडळी मोठ्या पडद्यावर सुखाची. इनव्हिड मोबाइलवर नीट चालत नाही, वेबॅकमधला 'बदल' तिथे वाचवत नाही. मोबाइलवर लेन्स आणि फॅक्ट चेक एक्सप्लोरर एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि खोट्या गोष्टी तर मोबाइलवरच येतात.

आवाजाच्या क्लिपसाठी मात्र माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. फोटोच्या उलट्या शोधासारखा आवाजाचा शोध सर्वसामान्य माणसाच्या हाती आलेला नाही. आवाज कृत्रिम आहे का हे सांगणारी जी यंत्रं मी बघितली, ती चित्रांच्या यंत्रांच्याच माळेतली, आकडा देऊन गप्प. अशी क्लिप आली की मी त्यातलं सर्वांत विचित्र वाक्य जसंच्या तसं लिहून काढते आणि अवतरणचिन्हांत घालून शोधते. कुणी खरंच असं बोललं असेल, तर त्या सभेची, मुलाखतीची लेखी बातमी कुठेतरी असते. नसेल तर क्लिप आणणाऱ्याला विचारते, ही तुला कुणी पाठवली आणि त्याला कुणी? तो फोन लावतो, विचारत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या माणसापाशी धागा तुटतो, आणि तेवढ्या वेळात क्लिप पुढे पाठवायची त्याची घाई बहुधा ओसरलेली असते.